मांडवाच्या दारातील बंदूक

१३ मार्च २०२४ रोजी वाराणसीच्या विशेष न्यायालयाने मऊचे माजी आमदार मुख्तार अन्सारी यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली, तेव्हा त्या निकालाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. प्रशासकीय चर्चा मात्र जवळजवळ झालीच नाही. वास्तविक हा खटला खुनाचा नव्हता, खंडणीचा नव्हता. तो होता १९८७ साली गाझीपूर जिल्ह्यात मिळवलेल्या एका दुनळी बंदुकीच्या परवान्याचा. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या बनावट सह्यांच्या आधारे तो परवाना मिळवण्यात आल्याचे सिद्ध झाले. गुन्हा १९९० मध्ये नोंदवला गेला आणि निकाल लागावयास तेहतीस वर्षे उलटली. निकालानंतर पंधराच दिवसांनी, २८ मार्च रोजी, अन्सारी यांचे निधन झाले आणि प्रकरणावर पडदा पडला. एका कागदाच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्यास शासनसंस्थेला तीन दशके लागत असतील, तर त्या कागदाच्या बळावर मिरवल्या जाणाऱ्या शस्त्रांवर तिचे नियंत्रण किती असेल, हा प्रश्न त्या पडद्याआडच राहून गेला.

पूर्वांचलाच्या राजकारणात बंदूक हे केवळ संरक्षणाचे साधन कधीच नव्हते. ती प्रतिष्ठेची खूण होती आणि आजही आहे. ठेकेदारी, रेल्वेची कंत्राटे, वाळू आणि निवडणूक यांच्या संगमावर जो 'बाहुबली' जन्मास आला, त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या बंदूकधाऱ्यांची संख्या हेच त्याच्या सामर्थ्याचे माप ठरले. खुद्द वाराणसी शहरात ३ ऑगस्ट १९९१ रोजी अवधेश राय यांची भरदिवसा गोळ्या घालून हत्या झाली; त्या खटल्याचा निकालही २०२३ च्या जूनमध्ये लागला. या परंपरेत परवानाधारी शस्त्र आणि बेकायदा 'कट्टा' यांच्यातील भेद कायद्याच्या पुस्तकात जितका स्पष्ट आहे, तितका रस्त्यावर कधीच राहिला नाही. परवान्याची बंदूक दाखवावयाची आणि बिनपरवान्याची चालवावयाची, अशी ही श्रमविभागणी.

आकडे बोलके आहेत. केंद्रीय गृहखात्याच्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात ३३ लाख ६९ हजार ४४४ शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजार ९१४ एकट्या उत्तर प्रदेशात, म्हणजे शंभरातील अडतीस. त्याच वेळी महाराष्ट्रातील परवाने होते ८४ हजार ५०. २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या पावणेदोन पटींहून किंचित अधिक. परवाने मात्र पंधरा पट. हा फरक गुन्हेगारीच्या भीतीने समजावून सांगता येत नाही. परवाना देणारा अधिकारी जिल्हाधिकारी असतो, शिफारस करणारा लोकप्रतिनिधी असतो, आणि परवाना हे त्या दोघांमधील व्यवहाराचे एक नाणे बनते, हेच त्याचे खरे उत्तर आहे.

बंदूक बाळगणे हा भारतात हक्क नाही, याचा विसर या व्यवहारात सोयीस्करपणे पडतो. १८७८ चा लिटनचा शस्त्रकायदा हा पराधीनतेचा कलंक होता. युरोपियनांस सूट आणि एतद्देशीयांस बंदी हे त्याचे स्वरूप होते. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. परंतु डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी घटना समितीत तो हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रसंगी राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य असू शकेल, तो व्यक्तीचा सरसकट हक्क मानता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. समितीने ती सूचना स्वीकारली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातीलच एका जामीनअर्जाच्या निमित्ताने बिनपरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा पुन्हा अधोरेखित केला: अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र धारण करण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेत तो नाही.

अमेरिकेचा हा उल्लेख आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. त्या देशात शनिवार-रविवारी ठिकठिकाणी बंदुकांची प्रदर्शने भरतात. मोठ्या सभागृहांतून हजारो बंदुका मांडल्या जातात, विकल्या जातात. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेरही शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. तरीही अशा बहुतेक प्रदर्शनांच्या दारावर एक सूचना असते: भरलेले शस्त्र आत आणू नये. प्रवेशद्वाराशी बंदूक तपासली जाते, काडतुसे काढून घेतली जातात आणि चाप ओढता येऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीने ती बांधली जाते. हा नियम बव्हंशी सरकारचा नव्हे, आयोजकांचा असतो. गर्दीत एक चुकीची गोळी सुटली तर उत्तरदायित्व आपले, हे ते जाणतात. खाजगी विक्रेत्यांच्या व्यवहारातील पळवाटांवरून त्या प्रदर्शनांवर टीका होते आणि ती रास्तही आहे. पण बंदुकांच्या बाजारातही जी खबरदारी घेतली जाते, ती वाराणसी, जौनपूर वा बलियाच्या लग्नमांडवात घेतली जात नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मांडवात काय होते? वरातीत, द्वारपूजेला किंवा वरमालेच्या क्षणी भरलेली बंदूक आकाशाकडे रोखून उडवली जाते. तिला 'हर्ष फायरिंग' असे गोड नाव आहे. त्या हर्षात कधी छतावरून वरात पाहणारे मूल, कधी ढोलवाला, कधी मंचावरील नर्तकी, तर कधी प्रत्यक्ष नवरदेवच बळी पडतो. प्रत्येक लग्नसराईत अशा बातम्या येतात आणि सराईबरोबर विरून जातात. पुढे साक्षीदार मिळत नाहीत, कारण साक्षीदार म्हणजे सारे नातलग आणि निमंत्रित. बंदूक कोणाची, चालवली कोणी, यांविषयी जबाब बदलत राहतात. मरणारा बहुधा गरीब असतो आणि बंदूकवाला यजमानाचा मानाचा पाहुणा.

कायदा नाही, अशी सबब येथे सांगता येणार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकून नेण्याचे बंधन घातले. लग्न, मिरवणूक, जत्रा वा सभा अशा प्रसंगी ते मिरवण्यास वा उडवण्यास मनाई केली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली. आनंदोत्सवातील गोळीबार हा त्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नसमारंभ, धार्मिक स्थळ आणि सार्वजनिक मेळावा यांचा व्याख्येत नामनिर्देश आहे.

या दुरुस्तीचा संसदीय प्रवास मात्र विसरता येण्याजोगा नाही. एका व्यक्तीस तीनऐवजी एकच शस्त्र, असा मूळ विधेयकातील प्रस्ताव होता. लोकसभेत ९ डिसेंबरला आणि राज्यसभेत १० डिसेंबरला चर्चा होईपर्यंत हा आकडा दोनवर आला होता. शेताचे रक्षण, वाडवडिलांची बंदूक, सीमेवरील गावे अशी कारणे पुढे आली, आणि ती सगळीच पोकळ होती असे नव्हे. परंतु परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, म्हणजे फेरतपासणीची वेळ दोन वर्षांनी लांबली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शिक्षा वाढवणे सोपे असते. तपासणी वाढवणे कष्टाचे असते. संसदेने पहिले केले.

हा उत्तर प्रदेशाचा घरगुती प्रश्न आहे, असे मानण्याची चैनही महाराष्ट्राला परवडणारी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यातच सत्ताधारी आमदाराने गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदवला गेला. त्यानंतर आठवडाभरातच, ८ फेब्रुवारीला, दहिसर परिसरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणात हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते, परवाना उत्तर प्रदेशातील होता आणि मुंबई पोलिसांकडे त्याची नोंद नव्हती, असे तपासात पुढे आले. २०२५ च्या आरंभी सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातील बाराशेंहून अधिक परवान्यांची झाडाझडती सुरू झाली आणि शंभराहून अधिक रद्द करावे लागले. ते दिले गेले तेव्हा छाननी कोणी केली होती, हा प्रश्न गाझीपूरइतकाच बीडलाही लागू आहे. परवाना एका जिल्ह्याचा, नोकरी दुसऱ्या राज्यात आणि गोळी तिसऱ्याच्या छातीत, हा प्रवास आता नवा राहिलेला नाही.

यावर उपाय कोणते? निवडणुकीच्या काळात राज्ययंत्रणा काय करू शकते हे सर्वांनी पाहिले आहे. निवडणूक आयोगाच्या २००९ च्या आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि कोणाचे शस्त्र जमा करावयाचे ते ठरवते. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने सरसकट जमा करण्याची सक्ती चुकीची ठरवली; प्रत्येक प्रकरण तपासा, असे बजावले. ते योग्यच आहे. मात्र माणूस पाहून निर्णय घेण्याची ही शिस्त पाच वर्षांतून एकदाच का असावी? तीच समिती वर्षातून एकदा बसली, गुन्हे नोंदलेल्या परवानाधारकांची यादी तिच्यापुढे आली आणि वापरलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब मागितला गेला, तर हवेत उडालेल्या गोळ्यांचे उत्तर द्यावे लागेल.

दुसरी गोष्ट यजमानाच्या जबाबदारीची. लग्नाची जागा भाड्याने देणाऱ्याच्या करारात भरलेले शस्त्र आत येणार नाही ही अट असावी, दारात तपासणी असावी आणि अट मोडल्यास जागेचा परवाना धोक्यात यावा. वाराणसीला हा विचार परका नाही. काशी विश्वनाथाच्या दर्शनास जाणारा माणूस, तो कितीही मोठा असो, सुरक्षा तपासणीतून जातो आणि त्यात कोणाचा मान कमी होत नाही. देवाच्या दारी जे चालते ते लग्नाच्या दारी चालावयास हरकत नसावी.

तिसरी जबाबदारी अधिकाऱ्यांची आहे. उत्तर भारतातील जिल्ह्यांतून काम केलेल्या वा करीत असलेल्या मराठी सनदी अधिकाऱ्यांना शिफारसपत्रांचे गठ्ठे ठाऊक आहेत. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक परवान्यांची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली आणि काही अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. सही करणारा हात विसरतो. कागद विसरत नाही, हे वाराणसीच्या निकालानेही दाखवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बेकायदा शस्त्रांसंबंधी राज्यांना मुख्य सचिवांच्या नेतृत्वाखाली समित्या नेमण्यास सांगितले. त्या समित्यांनी केवळ कट्ट्यांचे कारखाने शोधून थांबू नये. परवानाधारी बंदुकीच्या सार्वजनिक मिरवणुकीकडेही पाहावे. कारण कट्टा लपवला जातो, आणि परवान्याची बंदूक दाखवली जाते. समाजाला भीती शिकवते ती दाखवली जाणारी बंदूक.

ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी कुटुंबे असोत, किंवा नोकरीनिमित्त काशीत आलेली नवी बिऱ्हाडे, पूर्वांचलातील लग्नाचे निमंत्रण त्यांनाही येते आणि तेही मुलाबाळांसह वरात पाहावयास उभे राहतात. हवेत सोडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच. ती कोणावर यावी हे ठरवण्याचा परवाना कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने कोणालाही दिलेला नाही. ही साधी गोष्ट मांडवाच्या दारातच सांगितली गेली, तर न्यायालयांना ती तीस वर्षांनी सांगावी लागणार नाही.