बॅटरी बदलावी की फोन?

बार्शीच्या बाजारपेठेतील एका आडत दुकानात मे महिन्याच्या एका दुपारी छोटासा वाद झाला. शेठजींनी तीन वर्षांपूर्वी 18,000 रुपयांना घेतलेला फोन सकाळी पूर्ण चार्ज करूनही दुपारपर्यंत मान टाकू लागला होता. त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम पाठवीत असताना, बॅटरी 27 टक्के दिसत असूनही, फोन एकाएकी बंद पडला. रक्कम गेली की नाही हे कळेपर्यंत तो शेतकरी अर्धा तास गादीसमोर बसून राहिला.

मुलगा म्हणाला, "पप्पा, आता नवीन फोन घ्याच. 20,000 रुपयांत चांगला मिळतो, तोही हप्त्यांवर."

शेठजी म्हणाले, "अरे, चालतो आहे तोवर चालवायचा. गरजेवाचून वस्तू घ्यायची नाही, हाच आपला अपरिग्रह." आणि त्यांनी फोन पुन्हा चार्जरला लावला.

सूनबाई शेजारी जमाखर्च लिहीत होत्या. त्यांनी विचारले, "पप्पाजी, म्हातारा फोन झाला आहे की त्याची बॅटरी?"

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जावा असा आहे. फोनमधील लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. या बॅटरीच्या शोधकार्यासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळाले. परंतु तिची झीज थांबविणे कोणालाही साधलेले नाही. प्रत्येक चार्जिंगबरोबर तिची धारणशक्ती किंचित घटते. आयफोन 14 व त्यापूर्वीच्या फोनांच्या बॅटऱ्या 500 पूर्ण फेऱ्यांनंतर 80 टक्के शक्ती राखतील आणि आयफोन 15 पासून 1,000 फेऱ्यांनंतर, असे ॲपल कंपनी सांगते. आज अर्धी व उद्या अर्धी बॅटरी वापरली की एक फेरा होतो. रोज एक फेरा धरला तर शेठजींच्या फोनचे तीन वर्षांत हजारावर फेरे झाले होते. त्यात उन्हाळ्याची भर. भोवतालचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की बॅटरीची हानी कायमची होऊ शकते, आणि बार्शीचा मे महिना तर चाळिशी ओलांडतो.

झिजलेली बॅटरी सगळ्या फोनलाच म्हातारा भासवू शकते. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलने मान्य केले की, जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग काही वेळा कमी केला जात होता. ग्राहक संतापले. तेव्हा कंपनीने 2018 या वर्षापुरता बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. जानेवारी 2019 मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिले. नवे फोन अपेक्षेपेक्षा कमी का खपले, याच्या कारणांत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख होता. अनेकांची गरज बॅटरीची होती, फोनची नव्हती.

सूनबाईंनी मग तीन गोष्टी तपासल्या. पहिली, दोष खरोखर बॅटरीचाच आहे का? सेटिंग्जमध्ये पाहता कोणतेही ॲप अवाजवी वीज खात नव्हते. टक्केवारीची एकदम घसरण आणि 27 टक्क्यांवर बंद पडणे, ही थकलेल्या बॅटरीचीच लक्षणे होती. दुसरी, फोनला सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार? कंपनीचे आश्वासन पाच वर्षांचे होते, म्हणजे आणखी दोन वर्षे शिल्लक होती. हा मुद्दा व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. अपडेट थांबलेल्या फोनवरून पेढीचे बँक व्यवहार करणे म्हणजे कुलूप खराब झालेल्या तिजोरीत रोकड ठेवणे. तशा फोनला नवी बॅटरी घातली तरी तो खर्च वायाच. तिसरी, पडदा, चार्जिंगची जागा व साठवणूक ठीक आहे ना? ती ठीक होती.

मग हिशेब झाला. अधिकृत केंद्रात बॅटरी बदलण्याचे 2,000 रुपये सांगितले गेले. फोन आज टाकला तर 18,000 भागिले 36, म्हणजे महिना 500 रुपये खर्च पडला. बॅटरी बदलून पाच वर्षे वापरला तर 20,000 भागिले 60, म्हणजे महिना सुमारे 333 रुपये. बॅटरी हा दुरुस्तीचा, म्हणजे महसुली खर्च. नवा फोन हा भांडवली खर्च. काटा बिघडला म्हणून कोणी तराजू फेकून देत नाही. "हप्ता छोटा दिसतो," असे मुलगा म्हणाला खरा, पण बेरीज पाहून तोही गप्प झाला.

शेठजी मात्र अजून म्हणत होते, "2,000 तरी कशाला? चार्जर आहेच की." तेव्हा सूनबाईंनी फोन गादीच्या फळीवर पालथा ठेवला. मागील झाकणाची एक कड किंचित उचलली गेली होती. आतली बॅटरी फुगू लागली होती. असा फोन दिवसभर चार्जरला लावलेला आणि दोन हातांवर बारदानाची थप्पी! ठिणगी पडली असती तर पेढीबरोबर किती जीवांची हानी झाली असती, हे शेठजींना सांगावे लागले नाही. त्यांनी लगेच चार्जर काढला आणि फोन बंद केला.

खर्च टाळणे आणि परिग्रह टाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दुपारी पेढीवर सर्वांना उमगले. श्रावकाच्या आचारात जतना सांगितली आहे. वस्तू कमी हव्यात आणि असलेल्या वस्तू सांभाळून, निर्धोकपणे वापरायला हव्यात. नवा फोन घेणेही निर्दोष नाही. बॅटरीतील कोबाल्टचा जगातील मोठा हिस्सा काँगोच्या खाणींतून येतो आणि तेथे हाताने खणणाऱ्या मजुरांत मुलेही आढळली आहेत. भूमी खोदण्याचे स्फोटकर्म आपल्या शास्त्रांनी पंधरा कर्मादानांत गणले आहे. एक फोन दोन वर्षे अधिक चालला, तर त्या खोदकामातील आपला वाटा तेवढा कमी होतो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलून आली. स्वस्त नकली बॅटरीचा मोह टाळून मूळ बॅटरी घेतली आणि बिल जपून ठेवले. फुगलेली बॅटरी केंद्रातच जमा केली. ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या घंटागाडीत टाकू नयेत, दाबल्या गेल्यास पेट घेतात.

रात्री शेठजींनी घरातील कपाटाचा खण उघडला. त्यात चार जुने फोन निघाले. एकाचा पडदा फुगलेल्या बॅटरीने वर आला होता.

"हा खरा परिग्रह," ते मुलाला म्हणाले. "उद्या यातले खाते, फोटो सगळे पुसून हे चारही जमा करून ये."

आपल्या घरातील खणात किती फोन आहेत, हे वाचकांनी आजच पाहावे.