एकसरचे वीरगळ आणि बोरिवलीचा इतिहास : रहिवाशांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा, वांद्रे (पूर्व)
प्रत : मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय

महोदय,

उपनगर म्हणजे मुंबईतून ओसंडलेली गर्दी, हा समज कारभारातही मुरला आहे. बोरिवलीबाबत तो साफ चुकीचा आहे, आणि आमच्या सगळ्या मागण्या या एका चुकीतून निघतात.

बोरिवलीतल्या एकसर गावचे वीरगळ पाहा. पुरुषभर उंचीहून मोठ्या या स्मारकशिळा खालून वर वाचायच्या असतात. काहींच्या तळाशी समुद्र, त्यावर टोकदार नाळेची गलबते आणि एका रांगेत धरलेली वल्ही. मग तुंबळ लढाई. वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. आरमारी युद्ध कोरलेले असे वीरगळ दुर्मीळ. देवगिरीचा महादेव यादव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांची तेराव्या शतकातली लढाई यात दिसते, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण काळ आणखी मागे नेतात. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने या शिळांचे सविस्तर वर्णन केले. आज त्याच गावाच्या नावाचे मेट्रो स्थानक आहे. तिथे रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

बोरिवलीतलेच मंडपेश्वरचे शैव लेणे तर साष्टी बेटाचा सगळा राजकीय इतिहास अंगावर वागवते. पोर्तुगीज काळात तिथे चर्च आले, भिंतीवर क्रूस कोरला गेला. १७३७ला मराठ्यांनी साष्टी जिंकली.

पुढची वाढ रेल्वेने केली. १८६७ला बीबीसीआय रेल्वे कंपनीची उपनगरी गाडी इथून धावू लागली, १९२८ला विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली. १९५७ला बोरिवली, मुलुंड यांच्यासह हा पट्टा बृहन्मुंबईत सामील झाला आणि शेते, वाड्या, तबेले यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. ही वाढ आम्हाला हवीच होती. आमच्यापैकी बहुतेकांची घरे तिच्यामुळेच झाली. पण तिने गावठाणांना चहूबाजूंनी वेढले आणि त्यांच्या हद्दींचे वाद तसेच लोंबकळत राहिले. १ ऑक्टोबर १९९०ला स्वतंत्र मुंबई उपनगर जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. एवढ्या मोठ्या जिल्ह्याचा स्वतःचा इतिहास वाचायचा असेल, तर नागरिकाने जायचे कुठे?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी : एकसरच्या वीरगळांची जबाबदारी नेमक्या कोणत्या खात्याची, हे लेखी कळवावे. ते ठरल्यावर पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली शिळांची तपासणी, छायाचित्रे व ठसे घेऊन नोंद, पावसापासून आडोसा आणि मराठी माहितीफलक, ही कामे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून व्हावीत. शेंदूर, रंग वा सिमेंट लावून 'सुशोभीकरण' करू नये. शिळा जागेवरून हलवू नयेत; गावकऱ्यांची श्रद्धा तिथे आहे आणि त्यांना विचारल्याशिवाय काहीच होऊ नये.

गावठाणे आणि कोळीवाड्यांचे सीमांकन, प्रत्यक्ष मोजणी आणि रहिवाशांच्या हरकतींची सुनावणी घेऊन, ठरावीक मुदतीत पूर्ण करावे. पुनर्विकासाचा नकाशा मंजूर होण्याआधी ही हद्द कागदावर असली पाहिजे, नंतर नव्हे.

उपनगर जिल्ह्याचा मराठी इतिहासग्रंथ शासनाने तयार करावा. १९५७पूर्वीची स्थानिक संस्थांची दप्तरे जिथे असतील तिथून शोधून, त्यांच्या प्रती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवाव्यात. एकसर मेट्रो स्थानकात वीरगळांचे मोठे छायाचित्र आणि तिथवर जाण्याची वाट दाखवणारा फलक लावावा. याला फारसा खर्चही नाही.

पहिल्या मागणीवर पावसाळ्यापूर्वी बैठक बोलवावी. वीरगळांची जागा दाखवायला आणि नोंदीच्या कामात हातभार लावायला आमचे सभासद तयार आहेत.

आपले,
बोरिवली परिसरातील रहिवासी संघटनेचे पदाधिकारी व सभासद