"तुम्हाला काही विचारायचंय?"

मुलाखतीच्या शेवटी साहेब खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, "तुम्हाला काही विचारायचंय?" आपण म्हणतो, "नाही सर." उठतो, खुर्ची जागेवर सारतो, दार हळू लावतो. हे "नाही सर" आपलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून जोहार घालणाऱ्या आज्याचं आहे ते. आपल्या तोंडात अजून शिल्लक आहे.

मीही तेच म्हणालो होतो. मी गोदीत ओझी उचलतो, मॅट्रिक झालोय, रात्री कविता लिहितो. एका गोदामात हजेरी कारकुनाच्या जागेसाठी गेलो. अर्धा तास तेच विचारत होते. आडनाव कुठलं? गाव कोणतं? वडील काय करतात? मी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं दिली. नोकरी लागली. महिन्यानं कळलं, मी कंपनीचा नाहीच, ठेकेदाराचा! अकराव्या महिन्यात गेट बंद. पी.एफ. कापला होता, भरला नव्हता. परत गोदीत. लबाडी त्यांची. पण विचारायच्या वेळी मी गप्प होतो, हेही खरं.

कुणी म्हणेल, आता कुठं राहिलीय जात? 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, आडनावं तेवढी वेगळी. दलित आडनावाला बोलावणी कमी आली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीत भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना बोलतं केलं. तोंडानं गुणवत्तेचा जप, आणि चौकशी उमेदवाराच्या घराण्याची! म्हणजे प्रश्न हे त्यांचं हत्यार आहे. मग आपलं हत्यार खिशात का?

बाजारातली पुस्तकं शिकवतात, कंपनीचं ध्येय विचारा, साहेबांना इथं काय आवडतं ते विचारा. थू! हा प्रश्न नाही, मस्का आहे. चांगला प्रश्न तो, ज्याच्या उत्तरावर आपली चूल पेटते.

मी कुणाच्या हजेरीपटावर असणार, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? पी.एफ. कापून हातात किती पडणार? पाळी किती तासांची, जादा तासाचा दर काय? या जागेवर आधी कोण होता, तो का गेला? कायम कधी करणार? नेमणूकपत्र कधी देणार? 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यांच्याशी आपलं भांडण आहेच. पण प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यायचं मालकावर बंधन आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

सगळे प्रश्न एकदम फेकू नका. तीन निवडा, कागदावर लिहून न्या. आवाज चढवू नका, खालीही आणू नका. उत्तर त्यांच्यासमोर लिहून घ्या.

आई म्हणते, "गप ऱ्हा, आधी आत तर शीर." तिची भूक खरी आहे. पण गप्प राहून आत शिरलो तेव्हा भूक फक्त अकरा महिने लांबली.

दुसऱ्या मुलाखतीत मी हजेरीपटाचं विचारलं. साहेबाचं पेन थांबलं. नोकरी दिली नाही साल्यांनी. पण उत्तर मिळालं, आणि या खेपेला ते मला पहिल्याच दिवशी मिळालं.

बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला. शंभर वर्षं उलटून गेली. अजून किती दिवस "नाही सर"?

विचारा!