सर्कलची नोट आणि अटींचा रुपया

(१/८) सरकारी डिजिटल चलन उद्या कागदी नोटेची जागा घेईल काय, या प्रश्नावर भीती आणि भलामण दोन्ही मुबलक आहेत. नोटेच्याच इतिहासातून पाहिले, तर चिंतेचे खरे कारण स्पष्ट होते. त्यासाठी हा थ्रेड.

(२/८) १८६१पूर्वी बंगाल, मुंबई व मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढीत. त्या वर्षीच्या कागदी चलन कायद्याने हा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला.

(३/८) पण ही सरकारी नोट देशभर चालत नसे. चलनासाठी ‘सर्कल’ आखलेली होती आणि नोट ज्या सर्कलची, तिथेच ती कायदेशीर चलन. मुंबईची नोट कलकत्त्यात स्वीकारण्याचे बंधन कोणावरही नव्हते. पैसा खिशात असे. त्याची हद्द मात्र सरकार ठरवी.

(४/८) ही हद्द पुसायला जवळपास अर्धे शतक लागले. १९०३मध्ये ५ रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र ग्राह्य ठरली. १९१०मध्ये १० व ५० रुपयांची आणि १९११मध्ये १०० रुपयांची नोट सर्वदूर चालू लागली.

(५/८) आता ई-रुपया. २०२२च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक कायद्यातील ‘बँक नोट’च्या व्याख्येत डिजिटल रूपही आणले. १ डिसेंबर २०२२ रोजी सामान्यांसाठी त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला. यूपीआयने बँकेतील ठेव इकडून तिकडे जाते. ई-रुपया ही मात्र नोटेसारखीच थेट रिझर्व्ह बँकेची देणेदारी.

(६/८) ८ फेब्रुवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने या रुपयाला अटी जोडण्याची सोय जाहीर केली: ठरावीक कामासाठीच खर्च, वापराची मुदत, वापराचे भौगोलिक क्षेत्र. अनुदान योग्य कामी लागावे, हा हेतू रास्त आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी पुसलेले सर्कल पुन्हा आखण्याचे साधन त्यात आहे, हे नाकारता येत नाही.

(७/८) कोणी म्हणेल, रोकड तरी कुठे सुरक्षित? १९४६, १९७८ आणि २०१६ साली नोटा रद्द झाल्याच. खरे आहे. पण ते निर्णय उघड होते आणि त्या मूल्याच्या प्रत्येक नोटेला लागू होते. म्हणूनच त्यांच्यावर वाद झाले, न्यायालयात दाद मागता आली. संगणकीय अट एकाच माणसाच्या पैशावर, गाजावाजा न करता घालता येऊ शकते.

(८/८) ई-रुपया नोटेला पूरक आहे, पर्याय नव्हे, असे रिझर्व्ह बँकच सांगते. मग ते कायद्यात लिहावे. स्लोव्हाकियाने २०२३मध्ये रोखीने व्यवहार करण्याचा हक्क राज्यघटनेत घातला. आपल्याकडे निदान दोन कलमे हवीत: रोकड स्वीकारण्याची हमी, आणि मजुरी वा बचतीच्या ई-रुपयावर धारकाच्या संमतीवाचून मुदत वा हद्द न घालण्याचे बंधन. धोरण परिपत्रकाने बदलते; कायदा बदलायला संसदेत उभे राहावे लागते.