आधी काकींना विचारा

घरात छळ सोसणाऱ्या वृद्धांसाठी काल्हेरच्या आमच्या महिला मंडळाचा मदतगट निघतोय. यादीत वकील, डॉक्टर आहेत. घर मुलाला देऊन पस्तावलेल्या काकी मात्र नाहीत.

२००७च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो, १४५६७ ही हेल्पलाइन आहे, हे वकील सांगतीलच. पण "बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहून घ्या गं, माझी राहिली," हे काकींनी सांगितलं की बायका ऐकतात. संवत्सरीला मुलगा 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो आणि तक्रार पुन्हा पोटात जाते, हेही त्यांनाच ठाऊक. क्षमा करावीच, पण म्हणून गप्प का बसायचं?

काकी गटात हव्यात, निर्णय घ्यायला. नुसत्या सत्काराच्या नारळापुरत्या नकोत. रविवारच्या सभेला मी त्यांना बोलावलंय. रिक्षाभाडं मंडळाने द्यायचं.