दातांच्या नावावर खपणारा ताप

सहा-सात महिन्यांचं बाळ पातळ शी करतंय, अंग कढत आहे, लाळेरं ओलंचिंब. आजी दारातूनच निदान सांगते, ‘दात येतायत त्याला.’ आजीला दोष देण्यात अर्थ नाही. तेच निदान आपल्यातले अनेक जण केसपेपरवर लिहून मोकळे होतात, त्याचं काय?

क्लीव्हलँडच्या मॅकनिन आणि सहकाऱ्यांनी १२५ बाळांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. दात वर येण्याआधीचे ४ दिवस, तो दिवस आणि पुढचे ३ दिवस एवढ्याच काळात किरकिर, लाळ, चावणं, हिरडी चोळणं वाढलेलं दिसलं. अंगही थोडं कोमट. जुलाब, खोकला, १०२ फॅरनहाइटच्या वरचा ताप यांचा दातांशी संबंध आढळला नाही. शिवाय कोणत्याही लक्षणांवरून दात येणार हे आधी खात्रीनं सांगता आलं नाही. चौथ्या महिन्यात दात येत असल्याची शंका असेल, तर म्हणूनच लाळेवर विसंबू नये. त्या वयात लाळ तशीही वाढते, मूठ तशीही तोंडात जाते. स्वच्छ धुतलेलं बोट खालच्या मधल्या हिरडीवरून फिरवावं. फुगीर, टणक कड लागली तर दात जवळ आला. कधी निळसर फोड दिसतो. तो फोडू नये.

घोळ होतो तो वयामुळे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरणं, वरचं अन्न सुरू होणं, रांगत जमिनीवरचं सगळं तोंडात घालणं आणि पहिला दात, सगळं एकाच सुमाराला. सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेल्या कुटुंबांतल्या बाळाचे जुलाब ‘दाताचे’ ठरले, की ओआरएस उशिरा मिळतं आणि १४ दिवसांचं झिंक तर राहूनच जातं. तोंडात फोड आणि हिरड्या लालबुंद असतील तर हर्पिसचा संसर्ग आठवावा.

वाग्भटानं दात येणं हे सगळ्या रोगांचं कारण म्हटलं, हे आपले वैद्य मित्र आवर्जून सांगतात. त्याच प्रकरणात त्यानं बाळाला उपचारांनी फार जखडू नका, दात आल्यावर त्रास आपोआप शमतो, असंही बजावलं आहे. तेवढा भाग मात्र कुणी सांगत नाही. सगळ्या पॅथींचं शिक्षण चालवणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे. या एका मुद्द्यावर तरी पालकांना एकच उत्तर मिळायला हरकत नसावी. हिरडी बधिर करणारं बेंझोकेन दोन वर्षांखालच्या मुलांना नको, असं अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी काही होमिओपॅथिक ‘दातांच्या गोळ्यां’त बेलाडोनाचं प्रमाण कमी-जास्त निघाल्याचं तिथल्याच तपासणीत आढळलं होतं. आपल्याकडे दोन्ही प्रकार चिठ्ठीशिवाय मिळतात. गार, ओलं, स्वच्छ फडकं चावायला द्यावं. बहुतेकांचं त्यावर भागतं.

‘एचबीवायसी’ कार्यक्रमात आशाताई बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी जातात, म्हणजे नेमक्या दातांच्या दिवसांत. पुढच्या मासिक बैठकीत त्यांना एवढं सांगावं: थर्मामीटर आधी, हिरडी नंतर. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ १००.४ च्या वर तापलं असेल, तर हिरडी बघत न बसता त्याला थेट दवाखान्यात आणावं.