शाल-श्रीफळ झाले, सेवेचे काय?



गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात अलीकडे एक प्रथा रूढ झाली आहे. काल्याच्या कीर्तनाला रजेवर आलेल्या जवानाला व्यासपीठावर बोलावतात. शाल होते, श्रीफळ होते, गळ्यात तुळशीहार पडतो. मग बुवा म्हणतात, ‘पुंडलिकाने आईबापांसाठी देवाला थांबवले. या लेकराने देशासाठी आईबापांना थांबवले. सांगा मंडळी, मोठा कोण?’ मंडपात टाळ्या कडाडतात, ‘पुंडलिक वरदे’चा गजर होतो आणि पंगती बसतात.

माउली, तुम्हीही अशा मंडपात बसला असाल. टाळ्याही वाजवल्या असतील. माझे म्हणणे असे, की ही तुलना खोटी आहे, आणि तिच्यापायी दोन म्हाताऱ्या जिवांचे हाल होतात. जवानाचा मान कमी करावा हा हेतू नाही. त्याचा मान खरोखर राखायचा असेल तर टाळ्यांहून अवघड काम अंगावर घ्यावे लागेल. ते आपण घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी पुंडलिकाकडे पाहा. कथा तुम्हाला पाठ आहे. तरुणपणी तो आईबापांना छळणारा होता. काशीच्या वाटेवर कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. त्या ऋषींच्या मातृपितृसेवेमुळे गंगा, यमुना, सरस्वती त्यांच्या दारी राबायला येतात, हे त्याने पाहिले. तो मागे फिरला, घरी आला आणि सेवेला लागला. देव दारात उभा राहिला तेव्हा याचे हात म्हाताऱ्यांच्या पायांवर होते. उठता येत नव्हते, म्हणून जवळची वीट मागे सरकवली.

या कथेत पुंडलिकाच्या मनात किती प्रेम दाटले होते याचे वर्णन कोणी करीत नाही. वर्णन आहे ते पाय चेपण्याचे. वारकरी संप्रदायाने सेवा हा शब्द असा हातापायांशी बांधून ठेवला आहे. पाणी तापवणे, अंथरूण झाडणे, रात्री खोकल्याची उबळ आली की उठून पाठ चोळणे, ही सेवा. ती जवळ असलेल्या माणसालाच करता येते. पठाणकोटहून किंवा तवांगहून करता येत नाही. हे कटू आहे, पण खरे आहे, आणि ते त्या जवानाला आपल्याहून चांगले ठाऊक असते. म्हणून त्याला ‘तू पुंडलिकाहून मोठा’ असे म्हणू नका. तो मान खाली घालतो ती संकोचाने नव्हे. घरी आईच्या पायावर चढलेली सूज त्याने सकाळीच पाहिलेली असते.

मग त्याने आईबापांना टाकले असे म्हणायचे का? पारावर बसून असेही बोलणारे आहेत. ‘एकुलता एक, आणि म्हातारपणी असा दूर.’ त्यांनाही उत्तर दिले पाहिजे. माण-खटावसारख्या कोरडवाहू भागातला पोरगा पहाटे उठून डांबरी रस्त्यावर धावतो, भरतीच्या रांगेत उभा राहतो, त्यामागे देशप्रेम असते आणि घरची पत्र्याची गळकी खोलीही असते. बहिणीचे लग्न असते, बापाच्या डोळ्याचे ऑपरेशन असते, सोसायटीचे कर्ज असते. तो आईबापांना सोडून जात नाही, त्यांच्यासाठीही जातो. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले, शिरोळ तालुक्यातली टाकळी ‘सैनिक टाकळी’ झाली. अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या बाप सैन्यातून परतला की मुलगा सैन्यात गेला. या घरांना वियोग काय असतो हे आपण शिकवायला नको.

रजेचा हिशेबही समजून घ्या. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. ऐकायला भरपूर वाटते. पण ती तुकडीच्या सोयीने, तुकड्यातुकड्याने मिळते. पुण्याहून जम्मूपर्यंत रेल्वेच्याच दोन रात्री जातात आणि पुढचे ठाणे आणखी लांब असते. घरी पोचल्यावर बँक, दवाखाना, तलाठी, नातलगांची लग्ने यांत दिवस उडून जातात. बापाशेजारी निवांत बसावे म्हणतो, तोच परतीची तारीख येते. उरलेले नऊ महिने त्या घरात कोण असते?

इथे नाथमहाराजांचे चरित्र आठवा. आईवडील लहानपणीच गेले आणि पैठणात आजोबा चक्रपाणींनी व आजीने त्यांना वाढवले. कोवळ्या वयात कोणाला न सांगता ते देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पायाशी गेले. स्वामी किल्लेदार होते. स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला आणि नाथांनी त्यांची शस्त्रे चढवून लढा दिला, असे परंपरा सांगते. इकडे दोन म्हातारे नातवासाठी डोळे लावून बसले होते. पुढे चक्रपाणींनी स्वामींकडून पत्र आणले आणि तीर्थाटन करून नाथ पैठणला आले तेव्हा ते त्यांच्या हाती दिले. इथेच राहा, प्रपंच करा, अशी त्यात गुरूंची आज्ञा होती. नाथ तिथेच थांबले.

या कथेतला किल्लेदार पाहा. हत्यार बाळगणारा माणूस, पण आपला शिष्य थोर कार्यात आहे, म्हाताऱ्यांनी त्याग करावा, असे तो म्हणाला नाही. त्याने नातू परत दिला. आजच्या जवानाला असे पत्र कोणी देऊ शकत नाही. त्याची तिथे गरज आहे आणि त्याने शपथ घेतली आहे. म्हणजे ज्या कामासाठी नाथांना घरी धाडले, ते काम जवानाच्या घरी तसेच पडून राहते. ते कोणीतरी केलेच पाहिजे.

खरे म्हणजे ते एकजण करीत असते. जवानाच्या घरी पुंडलिकाची सेवा त्याची बायको करते. सासूचे पथ्य, सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांची शाळा, म्हशीची धार आणि दर रविवारी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगणे, हे सगळे तिच्याकडे. सप्ताहात शाल नवऱ्याला मिळते तेव्हा ती मागे भाकऱ्या थापत असते. बुवांच्या दृष्टांतात तिला जागा नाही. आणि पुढे काही वाईट घडले, की पैशांवरून सासू-सुनेत भांडण लावून देणारे याच मंडपातून उठतात. सज्जनहो, पुंडलिक शोधायला व्यासपीठावर कशाला पाहता? चुलीपाशी पाहा.

आता गावाच्या वागण्याकडे येऊ. जवान नोकरीवर गेला की त्याच्या शेताचा बांध सरकतो. दरवर्षी एक-दोन तास आत. शेजाऱ्याला माहीत असते, की पोरगा वर्षभर येणार नाही आणि म्हातारा भांडणार नाही. कायद्यात सैनिकाला थोडे संरक्षण आहे. 1925च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्याप्रमाणे जवान कामगिरीवर असल्यामुळे हजर राहू शकत नसेल आणि त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसेल, तर त्याच्यावरचा दिवाणी किंवा महसुली दावा स्थगित ठेवता येतो. पण सातबारा बहुधा बापाच्या नावावर असतो. मग नोटीस बापाला येते, तारखाही त्यालाच पडतात. सत्तरीचा माणूस काठी टेकत तालुक्याला खेपा घालतो. आणि बांध सरकवणारा कोण? त्याच्या गळ्यात माळ असते. एकादशी चुकवत नाही. जवानाच्या सत्काराला वर्गणीही दिलेली असते. अशा माळेला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

‘जवानाला पगार आहे, पैसे येतात, आमच्या मदतीची गरज काय?’ असे विचारले जाते. पगार असतो, हे खरे. पण आज भरती होणारा बहुतेक पोरगा अग्निवीर असतो. 2022 साली ही योजना आली. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये ठरलेले, त्यातले 9,000 सेवानिधीत जातात आणि हाती 21,000 येतात. 4 वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, पेन्शन नाही. आणि पैसे कितीही आले, तरी रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर पैसा उठून गाडी काढत नाही.

‘मग सरकारने बघावे.’ सरकारने काही सोयी केल्या आहेत. आईवडील मुलावर अवलंबून आहेत अशी नोंद असेल तर लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. पण लष्करी रुग्णालय पुण्याला, खडकीला, देवळालीला, आणि म्हातारी आटपाडीच्या एखाद्या वाडीवर. तिला तिथवर कोण नेणार? अर्ज कोण लिहून देणार? दार सरकारने उघडले तरी दारापर्यंत हात धरून न्यायला शेजारीच लागतो.

या तुलनेने आणखी एक नुकसान होते, ते तुमच्या-आमच्यासारख्या घरी राहणाऱ्यांचे. जवानाला पुंडलिकाहून मोठे ठरवले की आपण टाळी वाजवून मोकळे होतो. पुंडलिक कसा असावा हा प्रश्न आपल्याला कोणी विचारीत नाही. पण तो आपल्यासाठीच आहे, कारण आपण घरी आहोत, आपले हात मोकळे आहेत. आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 साली कायदा करावा लागला. न सांभाळणाऱ्या मुलाकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत मिळवून देण्याचा अधिकार त्यात प्रांतांकडच्या न्यायाधिकरणाला दिला आहे. हा कायदा सीमेवरच्या पोरांसाठी झालेला नाही. एकाच अंगणात राहून वेगळी चूल मांडणाऱ्यांसाठी, बापाला ओसरीवर झोपवून आत टीव्ही लावणाऱ्यांसाठी झाला आहे. त्यांनी व्यासपीठावरच्या जवानाकडे पाहून डोळे पुसावेत, याला मी भक्ती म्हणणार नाही.

तुकोबारायांच्या गाथेत पाईकाचे अभंग आहेत. तिथला पाईक धन्यासाठी जीव पणाला लावतो आणि त्या कसोटीवरच त्याची किंमत ठरते. जवानाची कसोटी तिकडे रोज होते. आपली कसोटी त्याच्या मागे उरलेल्या घरात व्हायची आहे.

ती कशी द्यायची हे आपल्या दिंडीने आपल्याला शिकवले आहे. वाटेत एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याला ताप भरला तर दिंडी त्याचा मुलगा कोण म्हणून विचारीत नाही. कोणी पडशी घेतो, कोणी त्याला ट्रकमध्ये बसवतो, मुक्कामी कोणी कण्हेरी करून देतो. हे आपण वारीचे अठरा-वीस दिवस करतो. उरलेले वर्ष का नाही? ज्या गावात भजनी मंडळ आहे तिथे एवढे नक्की होऊ शकते: गावातल्या जवानांची घरे मोजा आणि प्रत्येक घराची जबाबदारी मंडळातल्या दोघांवर नावाने सोपवा. आठवड्याला एकदा जाऊन बसा. दवाखान्याची तारीख, बँकेचे काम, तलाठ्याकडची खेप वाटून घ्या. बांधाचा प्रश्न असेल तर भजनी मंडळाने शेतावर जाऊन शेजाऱ्याशी बोलावे. टाळ घेऊन गेलात तरी चालेल.

सप्ताहात सत्कार करायचाच असेल तर आधी त्याच्या आईबापांना विचारा, ‘वर्षभरात आमच्यापैकी कोण कोण तुमच्याकडे येऊन गेले?’ उत्तर ऐकून मग शाल विकत घ्या. आणि शाल घेतलीत तर सुनेला द्या.

कीर्तनकार महाराजांना एक विनंती. पुंडलिकाला कोणाशी तोलू नका. जवानाच्या त्यागाने श्रोत्यांना रडवणे सोपे आहे. श्रोत्यांना त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत नेणे अवघड आहे, आणि तुमच्या शब्दाला गावात जो मान आहे त्याने ते होऊ शकते.

आणि हा अंक एखाद्या छावणीत पोचला असेल, तर तिथल्या लेकरा, तुलाही दोन शब्द. आईबापांची अवलंबित म्हणून नोंद झाली आहे का, ते पुढच्या रजेची वाट न पाहता कार्यालयात बघून घे. फोनवर ‘मी मजेत’ एवढेच सांगू नकोस. तू खरे बोललास तर तेही त्यांच्या दुखण्याविषयी खरे बोलतील. बायको तुझ्या वाटणीचे पुंडलिकपण निभावते आहे, हे तिला एकदा नाव घेऊन सांग. तू मनात अपराधी वाटून घेऊ नकोस. तुझे हात जिथे अडकले आहेत तिथे ते आमच्यासाठीच अडकले आहेत.

वाचकहो, तुमच्या गल्लीत असे घर आहे. कोणते, ते तुम्हाला माहीत आहे. आजचे हरिपाठाचे पठण झाले की तिकडे जाऊन या.

राम कृष्ण हरी.